टोपी

कापसाचा पहिला बोळा काळपट निघाला तेव्हा मला बरंच वाटलं. मळ निघतोय म्हटल्यावर हात थांबतो होय? दुसरा तपकिरी निघाला. तिसरा मधासारखा पिवळा. तो पाहून तरी शंका यायला हवी होती, पण जानेवारीतली रात्र, बाहेर उणे अठरा, घरात सगळे झोपलेले आणि माझ्या अंगात साफसफाईचं वारं शिरलेलं. चौथा बोळा फिरवला आणि छत्रीवाल्या चिनी माणसाची सोनेरी टोपी पांढरी झाली. पांढरी म्हणजे रंग दिल्यासारखी नव्हे. सराफाकडून नुकत्याच आणलेल्या चांदीच्या वाटीसारखी, बोटाची सावली दिसेल इतकी लखलखीत.

त्या क्षणी मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते : म्हणजे सोनं खोटं होतं. मला टोपी घातली.

आम्ही टोरांटोतल्या स्कारबरोच्या दक्षिण टोकाला, गिल्डवुडजवळ राहतो. खाली ऑन्टारिओ सरोवर आणि त्यावर उभे मातीचे उंच कडे. भारतातून पाहुणे आले की त्यांना गिल्ड पार्कमध्ये नेणं हा आमचा ठरलेला कार्यक्रम. टोरांटोत पाडल्या गेलेल्या इमारतींचे खांब, कमानी, कोरीव दगड स्पेन्सर आणि रोझा क्लार्क या जोडप्यानं हौसेनं जमवले, ते तिथे बागेत मांडून ठेवले आहेत. एका बँकेच्या संगमरवरी खांबांचं तर ग्रीक थिएटर झालंय. जुन्या वस्तूंशी माझा संबंध तेवढाच : त्या खांबांपाशी पाहुण्यांना उभं करायचं आणि फोटो काढायचा. पण दहा वर्षं फोटो काढून काढून आपल्याला त्यातलं कळतं असा समज माझा मीच करून घेतला होता.

मे महिन्यात जवळच्या एका जुन्या घरातलं सगळं सामान विक्रीला निघालं. मालक वारले की मुलं असा सेल लावतात; खुर्च्यांपासून चमच्यांपर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या. शेवटच्या दिवशी सगळं निम्म्या किमतीत. मी गेले होते लोणच्याच्या बरण्या शोधायला. जेवणघराच्या कोपऱ्यात ती घडीची स्क्रीन उभी होती. चार पानं, प्रत्येक साडेपाच फूट उंच, कडेनं पितळी खिळ्यांची ओळ. काळसर हिरव्या जमिनीवर सोनेरी डोंगर, एकावर एक टोप्या चढवाव्यात तसे देवळांचे मजले, गळ टाकून बसलेला म्हातारा, त्याच्याहून मोठा पक्षी, आणि दुसऱ्या पानावर खांद्यावर छत्री टाकून पुलावरून चाललेला तो माणूस. किंमत 220 डॉलर, निम्मी 110. आत बसलेल्या बाईनं यादीतली नोंदही वाचून दाखवली. त्यातला ‘चायनीज’ एवढा शब्द माझ्या कानात शिरला. पुढचं ऐकायची गरज वाटली नाही.

घरी आणली आणि दिवाणखान्यात उभी केली, ती नेमकी फर्नेसच्या गरम हवेच्या जाळीपुढे. जाळी दिसायला वाईट होती, ती झाकली गेली. मे महिना होता, फर्नेस बंद. ही चूक आहे हे कळायला पुढे कितीतरी महिने जावे लागणार होते.

जूनच्या भिशीला मैत्रिणींनी विचारलं, केवढ्याची, कुठली? मी म्हटलं, “मिंग काळातली आहे.” मिंग घराणं कधी होतं ते मला माहीत नव्हतं. टीव्हीवरच्या जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात तो शब्द सारखा येतो, तो तोंडात बसला होता. एकीनं सोनं खरं आहे का विचारलं. म्हटलं, “मग काय, पत्रा का लावतील?”

त्या उन्हाळ्यात आई सुपर व्हिसावर कोल्हापूरहून आली होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. दरवर्षी पुठ्ठ्याचं मखर, बॅटरीचे दिवे. त्या वर्षी मी स्क्रीन मागे लावली. समोर मूर्ती, दोन समया, मागे ती सोनेरी झगमग. फोटो इतके सुंदर आले की मंडळाच्या ग्रुपवर टाकले.

इथे एक कबुली द्यायची आहे. ती स्क्रीन चामड्याची आहे हे मला तोवर कळलं होतं. धूळ पुसताना मागची बाजू पाहिली होती. खडबडीत, लव असलेली, चपलेच्या आतल्या बाजूसारखी. देवामागे चामडं लावतेय हे माहीत असूनही लावलं, कारण दिसत छान होतं.

आरतीच्या वेळी कापूर पेटला, समयांची ऊब चढली, आणि आईनं नाक वर केलं. “कसला गं वास येतोय? चप्पल ओळीत गेल्यागत वाटतंय.” कोल्हापूरच्या माणसाला हा वास ओळखायला शिकवावा लागत नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा वास घेत आमची लहानपणं गेली. मी म्हटलं, “जुन्या लाकडाचा असेल.” आई काही बोलली नाही. प्रसाद झाल्यावर मागे गेली, तळहात फिरवला, वास घेतला आणि येऊन शांतपणे म्हणाली, “देवाला काय त्याचं? मृदंगाला, तबल्याला चामडंच असतंय की. पण तू माझ्याशी खोटं का बोललीस?” मग पुन्हा वळून म्हणाली, “समया तेवढ्या पुढं सरकव. चामडं तापलं की आखडतं.” एवढ्या गोंधळात वस्तूची काळजी त्या घरात तिला एकटीलाच होती.

ऑक्टोबरात फर्नेस सुरू झाली. इथल्या हिवाळ्यात घरातली हवा अशी सुकते की ओठ फुटतात, दाराचं हँडल शॉक देतं. त्या हवेचा झोत थेट स्क्रीनच्या पाठीवर. डिसेंबरपर्यंत दोन पानं ढोलासारखी ताणली गेली आणि खिळ्यांपाशी बारीक चिरा पडल्या. एके रात्री टक् असा आवाज आला. उंदीर असेल म्हणून मी पिंजरा लावला. सकाळी पाहिलं तर एक खिळा चामड्यातून पार निसटला होता.

चामडं कोरडं पडलंय हे कळलं. उपाय तर घरचाच होता. नवी कोल्हापुरी चप्पल आणली की बाबा तिला रात्रभर तेल पाजायचे. मी खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात उभी केली, जुन्या सुती ओढणीचा बोळा केला आणि चारही पानांना पुढून तेल चोपडलं. रंग एकदम उठून दिसायला लागले. मी खूश. पण खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं आणि आमच्या घराचा थर्मोस्टॅट वीसवर असतो. सकाळी उठून पाहते तो डोंगर, देवळं, म्हातारा, पक्षी सगळ्यांवर पांढरट साय. कोरलेल्या प्रत्येक बारीक रेघेत तुपासारखं तेल बसलेलं. मग मी हेअर ड्रायर फिरवला. साय वितळून आत गेली, आणि हिरवी जमीन होती तिथे काळे डाग उमटले. पुढचे तीन आठवडे त्या चिकट अंगावर गालिच्याची लव, धूळ आणि पोळ्यांचं पीठ बसत राहिलं.

तेल काढायला फार्मसीतलं रबिंग अल्कोहोल. त्या रात्रीचं वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेल लावणाऱ्यांना खरमरीत ईमेल लिहिली. सोनं म्हणून चांदी विकलीत, ग्राहक मंचाकडे जाईन, वगैरे. पांढऱ्या टोपीचा फोटो जोडला. संध्याकाळी उत्तर आलं. फार सभ्य. सोबत मीच सही केलेली पावती होती. त्यावर नोंद : चार पानांची घडीची स्क्रीन, रंगवलेलं चामडं, युरोपीय, चायनीज स्टाइल, दुरुस्ती आवश्यक. सोन्याचा उल्लेखच नव्हता. खाली एकच प्रश्न विचारला होता : “यावर तुम्ही काही वापरलंत का?” त्या मेलला मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

‘युरोपीय’ आणि ‘चायनीज’ एका ओळीत कसे बसतात ते मला उमगेना. पुढच्या शनिवारी केनेडी स्टेशनवरून सबवे धरून रॉयल ऑन्टारिओ म्युझियम गाठलं. तळमजल्यावरच्या चिनी दालनांत दोन तास फिरले. तिथला एकही माणूस माझ्या छत्रीवाल्यासारखा दिसेना. देवळं तशी नव्हती, डोंगर तसे नव्हते, कुणाचा चेहराही तसा नव्हता. दमून रस्ता ओलांडला आणि समोरच्या गार्डिनर म्युझियममध्ये शिरले, खरं तर बसायला जागा हवी म्हणून. तिथे युरोपातल्या चिनी मातीच्या कपबश्यांच्या कपाटात तो भेटला. तोच बारीक पायांचा माणूस, तशीच टोपी, तशीच छत्री, समोर वाफाळती किटली. पण कप होता जर्मनीतल्या माइसेनचा. 1720 साली हेरोल्ट नावाचा चित्रकार त्या कारखान्यात आला आणि त्यानं अशा चिन्यांची फौजच कपबश्यांवर उतरवली. स्वतः तो चीनला गेलेला नव्हता. त्या काळी चीन पाहून आलेला चित्रकार युरोपात शोधूनच काढावा लागला असता. व्यापाऱ्यांची वर्णनं, जहाजातून आलेली भांडी आणि उरलेली कल्पना, यांतून त्यांनी आपला एक चीन तयार केला. तिथे माणसं कामं करत नाहीत. चहा पितात, मासे धरतात आणि छत्र्या घेऊन पुलांवरून जातात. या धाटणीला शिन्वाझरी म्हणतात. हे वेड सतराव्या-अठराव्या शतकात भिंतींपासून पलंगांपर्यंत सगळीकडे पसरलं. चौदाव्या लुईनं 1670 मध्ये व्हर्सायच्या बागेत ‘पोर्सेलिनचा महाल’ उभारला, तो पोर्सेलिनचा नव्हताच. साध्या मातीच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचा होता.

आणि एक गोष्ट वाचून मला आपल्या बाजूनं राग आला. इंग्लंडात चिनी भिंतकागदाला ‘इंडिया पेपर’ म्हणत, का तर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मार्फत यायचा. चिनी लाखकामाच्या स्क्रीनना आजही ‘कोरोमंडल’ म्हणतात. त्या आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांतून पुढे जायच्या म्हणून. पूर्वेकडचं सगळं त्यांना सारखंच. राग तासभर टिकला. मग आठवलं, मी मिंग म्हणाले होते.

सोन्याची भानगड मात्र वेगळीच निघाली, आणि ती वाचताना माझा जीव खाली-वर होत होता. अशा सोनेरी चामड्यावर बहुतेक वेळा सोनं नसतंच. कमावलेलं वासराचं किंवा मेंढीचं कातडं घ्यायचं, त्यावर सरस लावायचा, वर चांदीचा वर्ख. आपल्या काजूकतलीवर असतो तसाच, हातोडीनं ठोकून पातळ केलेला. तो घोटून गुळगुळीत करायचा. मग जवसाचं तेल आणि राळ उकळून केलेलं पिवळसर तपकिरी वार्निश हातानं पसरायचं आणि कातडी उन्हात वाळत घालायची. चांदीचा उजेड त्या पिवळ्यातून परतून येतो आणि सोनं दिसतं. खऱ्या सोन्याचा वर्ख लावायला कुणाला परवडणार? अख्ख्या दालनाच्या भिंती मढवायच्या असत. ही कला मुसलमानी स्पेनमध्ये, कॉर्दोबात नावारूपाला आली. पुढे नेदरलँड्स, फ्रान्स, इंग्लंडमध्ये गेली. 1762 मध्ये फुजरू द बोंदरॉय या फ्रेंच विद्वानानं तिची पायरीपायरीनं कृती लिहून ठेवली. जर्मनीतल्या मोरित्सबुर्गच्या किल्ल्यात अशी मढवलेली दालनं अजून आहेत. जेवणघरात हे चामडं विशेष आवडीचं, कारण कापडासारखा त्याला अन्नाचा वास धरत नाही. कागदाचे स्वस्त वॉलपेपर आले तशी त्याची सद्दी संपली आणि भिंतींवरची कातडी कापून त्यांच्या स्क्रीन झाल्या. आमच्या गिल्ड पार्कमधल्या बँकेच्या खांबांसारखंच. डच व्यापाऱ्यांनी हेच चामडं जपानात नेलं, तिथे त्याचे तंबाखूचे बटवे झाले. मग जपान्यांनी कागदाला ठोकून-रंगवून त्याची हुबेहूब नक्कल केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उलट युरोपलाच विकली. कोण कुणाची नक्कल करत होतं याचा हिशेब लावणं अवघड आहे.

म्हणजे माझ्या तिसऱ्या बोळ्यात जे पिवळं आलं तेच त्या कारागिराचं सोनं होतं. ते मी पुसून काढलं, आणि खाली राहिलेल्या चांदीवरून त्याला लबाड ठरवलं.

ओळखीतून जुन्या वस्तू जतन करणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंचा नंबर मिळाला. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खोबरेलापर्यंत. हेअर ड्रायर मी आधी गाळला होता. त्यांनी विचारलं, “आणि नंतर उष्णता दिली का?” तेव्हा सांगावा लागला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चामड्याला तेल पाजायचा मोह भल्याभल्यांना झाला आहे. मागच्या पिढीत मोठमोठ्या संग्रहालयांतही लॅनोलिन आणि मेणाचं मलम चोळायची पद्धत होती, त्याचा चिकटपणा निस्तरायचं काम अजून चालू आहे. आत मुरलेलं तेल आता निघणार नाही. जाळीपुढून हलवा, उन्हापासून लांब ठेवा, मऊ ब्रशनं वरवर धूळ झाडा, बाकी हात लावू नका. मग त्यांनी विचारलं, “ते कापसाचे बोळे आहेत का? वार्निशमध्ये काय होतं ते कदाचित कळलं असतं.” बोळे केव्हाच कचऱ्यात गेले होते. टोपीबद्दल म्हणाल्या, चांदी उघडी पडली आहे, ती हवेतल्या गंधकानं हळूहळू काळी पडेल. घाई होणार नाही, पण होईल.

हे सगळं मी मार्चमध्ये आमच्या नेहमीच्या हक्का रेस्टॉरंटमध्ये, गल्ल्यावरच्या अंकलना सांगत होते. स्कारबरोत हक्का चायनीज म्हणजे आपलं चायनीज. शेजवान, मांचुरियन, वर हिरवी मिरची. मुंबईत 1975 मध्ये क्रिकेट क्लबात नेल्सन वांगनं चिकन मांचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगतात; मांचुरियात कुणी ते खाल्लेलं नाही. अंकल कोलकात्याच्या टांग्र्यातले. तिथल्या हक्का चिन्यांचा पिढीजात धंदा कातडी कमावण्याचा. 1962च्या भारत-चीन युद्धानंतर पुष्कळ घरं देश सोडून निघाली, मागे राहिलेल्यांच्या टॅनऱ्या 1996 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शहराबाहेर गेल्या, आणि कितीतरी जण इथे येऊन कढईपाशी उभे राहिले. मी बोलत होते चीनबद्दल, अंकलचे कान टवकारले ते चामड्यावर. “घर पे है? देखने आऊँ?”

रविवारी दुपारी आले. पुढून पाहिलंच नाही. आईसारखेच थेट मागे गेले, वाकून वास घेतला, चिमटीत कातडं धरून हलकेच वाकवलं. “बछड़े का है. छाल में पका हुआ. बहुत दिन पकाया है, जल्दी का काम नहीं.” मग खोबरेलाच्या डागावर बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांच्या वडिलांच्या टॅनरीत पोरांना खड्ड्यांच्या कडेनं चालायला मनाई होती, घसरलं की सालीच्या काढ्यात, ते सांगत बराच वेळ तिथेच मागे जमिनीवर बसले. मी चहा तिथेच नेऊन दिला.

पुढे आले तेव्हा मात्र हसू आवरेना. वरच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांची एक उभी ओळ आहे. भिशीत मी ती दाखवून “यावर राजाचं नाव असेल” म्हणाले होते. अंकल चष्मा सरकवून पाहत राहिले. “ये कुछ नहीं लिखा. किसी ने बैठ के ऐसे ही लकीर मारी है.” छत्रीवाल्याकडे बघून म्हणाले, “ये हमारा आदमी नहीं है. और ये टोपी किसने पहनाई?” मराठीत टोपी घालण्याचा दुसरा अर्थ काय होतो ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यावर ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

जाताना फोन काढला. रेस्टॉरंटचा मेन्यू नव्यानं छापायचा होता, त्यावर हा फोटो टाकू का म्हणाले. मी म्हटलं, अहो, हे चीन नाहीच म्हणालात ना आत्ताच? “हाँ, लेकिन कस्टमर को चायना ही लगेगा.”

मी म्हटलं, घ्या, पण तेवढी टोपी सोडून काढा. अंकलनी दोन पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून फोटो काढला. मेन्यू आता छापून आलाय. पहिल्याच पानावर, मांचुरियनच्या वर, तो छत्री घेऊन पुलावरून चाललाय, आणि सगळ्या चित्रात एकच गोष्ट चमकते.